भिंतीकडे तोंड

त्याला खोलीतले सगळे ‘घडी’ म्हणत. कामच तसं होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथं तो वाफेच्या इस्त्रीवर उभा असायचा. वरच्या मजल्यांवरून चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, रोग्यांचे पाठीवर नाड्या असलेले झगे ढकलगाडीतून खाली यायचे. धुऊन-वाळून त्याच्यापुढं पडायचे आणि तो घड्या घालून परत वर पाठवायचा. वर कोण जगलं, कोण गेलं हे त्याला कधी कळायचं नाही. चादर तेवढी कळायची. वाफेनं त्याच्या हातांवरचे केस कोपरापर्यंत जाऊन कातडी तुकतुकीत झाली होती. कुणाच्या खांद्यावर चुरगळलेला टॉवेल दिसला तरी त्याची बोटं चुळबुळायला लागायची.

लग्न झालं आणि वर्षाच्या आत तो परदेशात आला, पोरगी पोटात असताना. त्यानंतर त्याचा संसार म्हणजे रजा. दोन वर्षांनी एकदा महिना-सव्वा महिना घरी जायचं, पाहुण्यासारखं ताटावर बसायचं, सगळ्यांनी कौतुक करायचं, आणि कोणी कोणाशी भांडायच्या आत निघायचं. रजेत कोण भांडतं?

बाकीचा सगळा काळ खोलीवर. सहा माणसं, तीन दुमजली लोखंडी पलंग, एक खिडकी, एक शेगडी, कपाटात माणशी एक कप्पा. आचारी होता. एका कंपनीच्या कँटीनमध्ये तो शेकडो माणसांचं रांधायचा आणि खोलीवर आला की अंडंसुद्धा फोडायचा नाही. एक रंगारी होता, त्याला बोलताना भिंतीचे पोपडे नखानं काढायची खोड. एक म्हातारा वॉचमन, त्याला सगळे काका म्हणत. उरलेली दोन माणसं बदलत राहायची.

खोलीचे कायदे कुणी लिहून ठेवलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. स्वयंपाकाची पाळी चुकवायची नाही. दुसऱ्याच्या साबणाला हात लावायचा नाही. आपलं ताट आपण धुवायचं. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, दिवसाढवळ्या कुणी भिंतीकडे तोंड करून पडला असेल तर त्याला हाक मारायची नाही. काय झालं, म्हणून विचारायचं नाही.

त्याला कारण होतं. त्या खोलीत हवासुद्धा सहा जणांची होती. खोकला आला तरी पाच जणांना कळायचा. भिंत तेवढी ज्याची त्याची. घरून काही वाईट बातमी आली की माणूस मुकाट पलंगावर चढायचा आणि तिकडे वळायचा. मग टीव्हीचा आवाज बंद. चपला हातात. कुणीतरी चहा करायचा, वर बशी झाकायची, उशाशी ठेवायचा आणि बाहेर निघून जायचा. आचाऱ्याचा भाऊ गेला तेव्हा आचारी सुट्टी टाकून असाच पडून राहिला होता. कुणी ब्र काढला नाही. महिन्याभरानं कांदा चिरता चिरता त्यानंच सांगितलं, “माझ्याहून धाकटा होता.” काका म्हणाले, “हं.” विषय संपला. पण आचारी पुढं कित्येकदा म्हणायचा, “तेव्हा तुम्ही मला जसं सांभाळलंत ना, तसं सख्ख्यांनी सांभाळलं नसतं. माझ्या घरात असतो तर विचारून विचारून खाल्लं असतं मला.”

घडीला हे पटलेलं होतं. नुसतं पटलेलं नव्हतं, हाडात मुरलेलं होतं.

मग त्याची आई गेली. घर थोरल्या भावाचं झालं, म्हणजे थोरल्या वहिनीचं झालं. बायको आणि पोरगी त्या घरात ठेवण्यात अर्थ उरला नाही. त्यानं फोनवर विषय काढला. 

“येते,” ती म्हणाली. “पण आधीच बोलून ठेवते. ठकीच्या शाळेचं एक वर्ष बघू. जमलं तर जमलं. नाहीतर मी आणि ती परत. तेव्हा मग तुम्ही आडवं यायचं नाही.”

“न जमायला काय झालं?”

“काय होतं ते झाल्यावरच कळतं.”

त्यानं कबूल केलं. दहा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस दारात आल्यावर अटी कोण बघतो? त्यानं तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. लिफ्ट नव्हती. खिडकीतून समोर गाड्या धुण्याचं दुकान दिसायचं, तिथं दिवसभर पाण्याचा फवारा सूं सूं करत असायचा. पडदे त्यानं धुलाईखान्यातून इस्त्री करून आणले. खोलीतल्यांनी कुकर दिला. निघताना रंगारी म्हणाला, “चाललास रे बाबा माणसात.”

पहिले पंधरा दिवस हसण्यात गेले. पहिल्याच जेवणानंतर घडी उठला, आपलं ताट धुतलं, पुसलं आणि कपाटात एका बाजूला नीट ठेवलं. बायको बघत राहिली.

“ते काय?”

“माझं ताट.”

“आणि आमची?”

न्हाणीघरात जाताना तो साबण डबीत घालून घेऊन जायचा आणि डबी परत आणून उशीखाली ठेवायचा. पाकीट, किल्ली उशीखालीच. आंघोळ करून बाहेर यायचा तो बटणं लावून, भांग पाडून. आत यायच्या आधी दारावर टकटक करायचा. रात्री पलंगाच्या कडेला हातभर जागेत फळीसारखा पडायचा.

“अहो, तुम्ही झोपता का पहारा देता?” बायको म्हणाली.

“सवय झालीय गं.”

“दुसऱ्या कुशीवर वळा जरा. माणसं आहोत आम्ही.”

एके दिवशी सकाळी त्याच्या तोंडून निघून गेलं, “आज पाळी कोणाची? स्वयंपाकाची?” बायको पोळपाट सोडून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “दहा वर्षं माझीच होती,” ती म्हणाली. “आज तुमची घ्या.” त्यानं घेतली. डाळ बरी झाली. पण ती पानावर जी बसली ती परक्या घरी बसावी तशी, ताट पुढं येईपर्यंत हात मांडीवर ठेवून.

तिच्या साड्यांच्याही त्यानं घड्या घातल्या. चादरीची घडी चार कोन जुळवून, चौकोनी. नेसायला घेतली की साडीवर आडव्याउभ्या रेघा. “इस्पितळात भरती झाल्यासारखं वाटतं हे नेसून,” ती म्हणाली. हसूनच म्हणाली, पण नंतर तिनं साड्या वरच्या कप्प्यात ठेवल्या.

ठकी नऊ वर्षांची होती. तिच्या लेखी बाप म्हणजे फोनमधलं तोंड. आल्या आल्या तिनं त्याचा गाल बोटानं दाबून बघितला होता. महिना उलटून गेल्यावर एका संध्याकाळी अभ्यास करता करता तिनं सहज विचारलं, “बाबा, तुम्ही परत कधी जाणार?”

“कुठं?”

“जाता ना तुम्ही. सुट्टी संपली की.”

“आता नाही जाणार.”

पोरीनं आईकडे बघितलं, बाप थापा मारत नाही ना हे ताडून पाहावं तसं.

मग हसणं हळूहळू आटलं. शाळेनं ठकीला उचललं. पोरांची जीभ पाण्यासारखी, ओतावी त्या भांड्यात बसते. सहा महिन्यांत तिला इथली भाषा यायला लागली. आईला येईना. दुकानात गेलं की ठकी पुढं आणि आई मागं. “आई, ती विचारतेय पिशवी हवी का?” “आई, असं बोट दाखवायचं नाही.” दहा वर्षं जिनं सासर पेललं, थोरल्या जावेला एका वाक्यात गप्प केलं, ती बाई पोरीच्या मागं मुक्यासारखी उभी राहायची आणि मान डोलवायची.

घरात दिवसभर ती एकटी. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत असा इमारतीचा नियम होता. ते न्हाणीघरात टांगायचे, मग अंगावर सगळ्यांच्याच ओलसर वास. दाराला एक बारीक काचेचं भोक होतं, त्याला डोळा लावून ती उभी राहायची. जिन्यातून कुणी जाताना दिसलं तर दिसायचं. घडी कामावरून आला की विचारायचा, “ठीक?” ती म्हणायची, “ठीक.” फोनवर दहा वर्षं हेच चाललं होतं. कुणी कुणाला वाईट सांगायचं नाही. लांब असलेल्या माणसाला घोर कशाला? आता माणूस हातभर अंतरावर आला होता, पण बोली तीच राहिली होती.

शाळेचं वर्ष संपायला दोन-अडीच महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. घडीची सकाळपाळी होती, तो दुपारी घरी आला. ठकी नुकतीच शाळेतून आली होती आणि दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बायको पलंगावर पडली होती. भिंतीकडे तोंड करून. फोन उशाशी पालथा.

घडीनं एका नजरेत ओळखलं. घरून बातमी आहे. वाईट आहे.

गडबडायचं नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं चपला काढून हातात घेतल्या. पडदा ओढला. ठकीला बाहेर नेऊन कानात सांगितलं, “आईला हाक मारायची नाही.”

“का? बरं नाही तिला?”

“असं पडलेल्या माणसाला विचारायचं नसतं. वाटलं की तीच सांगेल. तोवर आपण आवाज करायचा नाही. शहाणी ना तू?”

त्यानं चहा केला. तिच्या आवडीचं आलं टाकलं. वर बशी झाकली. पलंगाशी स्टूल सरकवलं, तेही उचलून, फरशीवर घासू न देता. कप ठेवला. तिचा खांदा जरासा हलल्यासारखा वाटला, पण तो थांबला नाही. थांबणं म्हणजे बघत बसणं, आणि बघत बसणं म्हणजे विचारल्यासारखंच. तो पोरीला घेऊन बागेत गेला. दोघं झोपाळ्यावर बसले आणि अंधार पडायच्या आत परत आले. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं उठून डबे केले, ठकीची वेणी घातली, आणि ही दोघं बाहेर पडायच्या आत परत आडवी झाली. घडी दिवसभर इस्त्रीवर तिचाच विचार करत होता. काय असेल? तिच्या बापाची तब्येत मागं जरा खालीवर होती. भावाच्या घरात काही असेल. घरी आल्यावर त्यानं भात लावला, भांडी घासली, न्हाणीघरातले कपडे काढून घड्या घातल्या. ठकी चवड्यांवर चालत होती. तिला तो खेळ जमला होता. एकदा हातातली पेन्सिल पडली तर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

आपण सगळं बरोबर करतोय असं घडीला वाटत होतं. खोलीत नव्यानं आलेल्यांना हे शिकवायला महिने लागायचे. पोर एका दिवसात शिकली.

तिसऱ्या दिवशी तो चहाचा कप स्टुलावर ठेवून वळला आणि पाठीमागून बशी फुटल्याचा आवाज आला.

बायको उठून बसली होती. केस सुटलेले, डोळे सुजलेले. बशी तिनं फेकली होती का हात लागून पडली होती, कोण जाणे.

“तुम्ही माणूस आहात का कोण?”

“अगं...”

“मी मेले असते तरी उशाशी चहा ठेवून गेला असतात! तीन दिवस पडलेय मी. तीन दिवस! एका शब्दानं विचारलं नाहीत. पोरीलाही शिकवलंत? माझ्या समोरून चोरासारखी चालते ती.”

“मला वाटलं तुला बोलायचं नाही. मी आपला...”

“माझा बाप इस्पितळात आहे.” तिचा आवाज एकदम खाली आला. “भाऊ म्हणाला, बघ बाई, यायचं तर ये. सारखं नाव घेतायत तुझं.”

घडी फुटलेली बशी ओलांडून पुढं आला. “मग बोलायचं ना! पहिल्याच दिवशी सांगायचंस!”

“कसं सांगायचं? सगळं किडूकमिडूक वेचून आम्हाला इथं आणलंत, वर्ष झालं नाही तोवर मी तोंड वर करून म्हणू, मला माहेरी पाठवा?” ती बोलत सुटली. “तुमच्या घरात इतकी वर्षं काढली. तोंडानं कधी माहेर मागितलं नाही मी. सून मागत नसते. सून आडवी होते. मी अशी पडले रे पडले की तुमची आई तिथून ओरडायची, काय गं, काय झालं? डोकं धरलंय? मी म्हणायची, काही नाही. काही नाही कसं, तोंड बघू इकडं. माहेर आठवलं का? मी काही नाही म्हटलं तरी परत विचारायच्या. शेवटी मी रडायची, आणि माझी पिशवी त्या भरायच्या. जा म्हणायच्या, चार दिवस राहून ये. तुमची आई! भांडकुदळ बाई, पण मला तशी पडलेली बघून ती न विचारता कधी पुढं गेली नाही.”

घडीला त्या घरातलं हे काहीच ठाऊक नव्हतं. तो रजेवर यायचा तेव्हा घरात कुणी आडवं होत नसे.

त्यानं चप्पल पायात घातली आणि तसाच सुटला. आचाऱ्याच्या ओळखीचा एक जण तिकिटं काढून द्यायचा. त्याला झोपेतून उठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं, मायलेकींचं. घरी आला तर बायकोनं पिशवी भरायला घेतली होती. ठकी शाळेच्या गोष्टी सांगत होती, चवड्यांवरून खाली उतरून, मोठ्यानं. घरात तीन दिवसांनी आवाज होता. बायको ठकीचा स्वेटर पिशवीत घालत असताना फोन वाजला.

तिनं ऐकलं. “हं,” म्हणाली. पुन्हा “हं.” मग काहीतरी विचारलं, हलक्या आवाजात, त्याला ऐकू आलं नाही. फोन खाली ठेवला. स्वेटर पिशवीतून काढून परत कपाटात ठेवला.

“आपण जाऊ,” घडी म्हणाला. “मी पण येतो.”

“गेले ते. उद्या पोचेपर्यंत घरचे थांबणार नाहीत. आता कुणाला भेटायला जाऊ?”

ती तोंड धुऊन आली आणि कणीक मळायला बसली. त्या दिवशीच्या पोळ्या कुणालाच गेल्या नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी घडी खोलीवर गेला. त्याच्या जागी आता एक नवा पोरगेला माणूस आला होता, तो मेल्यासारखा झोपला होता. घडीनं तिघांना सगळं सांगितलं.

“गाढवा,” आचारी म्हणाला, “बायको काय रूममेट आहे?”

“तुझ्या वेळी असंच केलं होतं ना आम्ही? तूच म्हणतोस, सख्ख्यांनी केलं नसतं.”

“माझी गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी?”

रंगारी पोपडा काढत म्हणाला, “मी तर म्हणतो यानं बरोबर केलं. तिनं तोंड उघडायला काय झालं होतं? आपण काय मनकवडे?”

“तुझी बायको आण एकदा इथं,” काका म्हणाले, “मग बोल.”

“आणत नाही म्हणूनच टिकलाय संसार माझा.”

हसले सगळे, पण फार वेळ नाही. जाताना काका त्याच्याबरोबर खाली फाटकापर्यंत आले. “विचारत जा रे,” ते म्हणाले. “मी नाही विचारलं कधी. आता घरचे तिकडं, मी इकडं. फोन येतो. ठीक आहे म्हणतात.”

घडी विचारायला लागला. सकाळी उठल्यावर, कामावरून आल्यावर, पान वाढताना, ती खिडकीशी उभी असताना. “काय झालं?” “काही नाही.” “डोकं दुखतंय?” “नाही.” “काही हवंय?” “नको.” ठकी वैतागायची, “बाबा, किती विचारता!” बायको वैतागायची नाही. नळ सोडल्यावर पाणी यावं तशी उत्तरं यायची, आवाज वर ना खाली. ती पुन्हा कधी दिवसा पलंगावर पडली नाही. पाठ दुखली तरी खुर्चीत बसून राहायची. तिनं आडवं व्हावं, आपण विचारावं, तिनं रडावं असं घडीला फार वाटायचं. पण ते दुकान आता बंद झालं होतं.

आणि एक गोष्ट मात्र तो विचारत नव्हता. वर्ष संपत आलं होतं. ठकी निकाल, सुट्टी, मैत्रिणीच्या घरी जायचं असलं काहीबाही बोलायची. बायकोनं एकदा कपाटावरची मोठी बॅग खाली काढली, पुसली, उन्हाला दाखवल्यासारखी खिडकीशी उघडी ठेवली आणि दोन दिवसांनी परत वर टाकली. का काढली? का टाकली? घडीच्या ओठांवर यायचं आणि तो ताटात बघायचा. या वेळी कुणाचा मान राखायचा म्हणून गप्प नव्हता तो. भीती होती. उत्तर आलं असतं तर ते ऐकावं लागलं असतं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी त्याला सुट्टी होती. ठकी दुपारी येणार होती. नवरा-बायको महिन्याचं सामान आणायला गेली आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बायको नेहमी थांबायची. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसली, तळवे चोळत. पिशव्यांच्या बंदांचे वळ उठले होते. घडी दोन पायऱ्या खाली उभा होता. तिचं तोंड बरोबर त्याच्या समोर होतं.

“काय ठरवलंस?” त्यानं विचारलं.

कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही.

“राहतो आम्ही,” ती म्हणाली.

तो काही बोलणार तेवढ्यात ती पुढं म्हणाली, “जमलं म्हणून नाही हो. उगाच खूश होऊ नका. जमत नाही मला इथं. ओला वास अंगातून जात नाही. पण परत जाईन असं म्हणाले होते तेव्हा परत जायला जागा होती. बापाचं दार होतं. आता भावजयीचं आहे. तिकडं तुमच्या वहिनीचं. मी बॅग काढली होती बघा. भरायला बसले आणि कळेना, कुठं नेऊन उतरवायची ही? ठकी खूश आहे इथं. तिच्यासाठी बरं झालं म्हणायचं.”

घडीला जे हवं होतं ते मिळालं होतं. दहा वर्षं हवं होतं ते. हातातल्या पिशव्यांचं ओझं त्याला एकदम जाणवलं. त्या खाली ठेवायच्याही तो विसरला होता. त्यानं ठेवल्या. तिच्या खालच्या पायरीवर बसला. काहीतरी चांगलं, धीराचं बोलायला हवं होतं. असलं कधी त्याला सुचत नसे आणि आताही सुचलं नाही.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “फोनवर तू भावाला काहीतरी विचारलंस. काय विचारलं होतंस?”

खाली रस्त्यावर फवाऱ्याचा सूं सूं आवाज चालू होता.

“दाढी केलीत का त्यांची, म्हणून विचारलं,” ती म्हणाली. “मला न्यायला यायचे ना, तेव्हा सरळ घरी नाही यायचे. आधी तुमच्या चौकातल्या न्हाव्याकडे बसायचे. दाढी करून, तोंडाला पाणी लावून मग दारात. लेकीच्या सासरच्यांनी आपल्याला खुंट वाढलेलं बघू नये म्हणून. एवढ्या वर्षांत मी त्यांना दाढी वाढलेलं बघितलं नाही. भाऊ म्हणाला, ताई, या गडबडीत कुणाला सुचतंय. मग तसेच नेले त्यांना.”

ती रडली नाही. वरून कुणीतरी उतरत आलं. दोघांनी पाय जवळ घेतले, पिशव्या भिंतीला टेकवल्या. तो माणूस त्यांच्या मधून अंग चोरून गेला आणि खालचं दार आपटलं. बायको पिशव्यांकडे बघत होती. उठू का नको असं तिचं चाललं होतं.

“मग?” घडी म्हणाला. “न्हाव्याकडून आल्यावर मग काय करायचे?”